गावातली शाळा की हद्दवाढीतली?

जुळे सोलापूर, सैफुल, मजरेवाडी, शेळगी किंवा बाळे अशा सोलापूरच्या हद्दवाढ भागातल्या घरात मूल चौथीत गेले की एक चर्चा हमखास सुरू होते. पाचवीला त्याला गावातल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, नावाजलेल्या प्रशालेत घालायचे, की घराजवळच्या नव्या शाळेतच ठेवायचे? आजोबांचे मत ठरलेले असते, कारण ते स्वतः त्या प्रशालेत शिकलेले असतात. शेजाऱ्यांचे मतही ठरलेले असते, कारण त्यांनी गेल्याच वर्षी मोठी फी भरलेली असते. निर्णय मात्र अनेकदा शाळेच्या नावावर किंवा इमारतीवर होतो आणि मुलाचा दिवस कसा जाणार, हा विचार मागे पडतो. माझे म्हणणे असे की दोन शाळा साधारण सारख्या वाटत असतील तर जवळची शाळा घ्यावी. लांबची निवडायची असेल तर तिच्यात अधिक काय मिळते ते पालकांनी स्वतः तपासून घ्यावे, आणि ती तपासणी प्रामुख्याने एकाच ठिकाणी करावी: नववी-दहावीच्या वर्गात कोण शिकवते तिथे.

सोलापुरात हा प्रश्न उभाच का राहतो, हे आधी पाहू. इथल्या मोठ्या शाळा वसल्या तेव्हा शहर पेठांपुरते आणि गिरण्यांच्या भोवती होते. हरिभाई देवकरण प्रशाला, रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील कार्याशी नाते सांगणारे सेवासदन, सिद्धेश्वर प्रशाला, पूर्व भागात विणकर समाजाने उभारलेली कुचन प्रशाला, या सगळ्या त्या काळच्या वस्तीच्या पायी अंतरावर होत्या. १९९२ च्या हद्दवाढीने महापालिकेचे क्षेत्र एकदम १७८ चौरस किलोमीटरच्या घरात गेले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, नोकरदार कुटुंबे विजापूर रोड, होटगी रोडकडे सरकली आणि शाळा जिथल्या तिथे राहिल्या. नव्या भागात पुढे ज्या शाळा निघाल्या त्यांतल्या बऱ्याच विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या, कारण शासनाने नवीन अनुदान देणे जवळपास थांबवले आणि २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट करून दिली. म्हणून आपण 'गाव की हद्दवाढ' असे विचारतो तेव्हा प्रत्यक्षात तीन प्रश्न एकात मिसळलेले असतात: शाळा अनुदानित की विनाअनुदानित, माध्यम मराठी की इंग्रजी, आणि रोजचा प्रवास किती. हे तिन्ही वेगळे करून पाहिले तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. हद्दवाढीतही चांगली अनुदानित मराठी शाळा असू शकते आणि पेठेतही महागडी इंग्रजी शाळा असते.

नावाजलेल्या शाळेच्या बाजूने सर्वांत आधी निकाल पुढे केला जातो. दहावीचा निकाल किती सावधपणे वाचावा, याचा धडा आपल्याच राज्य मंडळाने दिला आहे. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला अभ्यासक्रम नवा आला आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे २० गुण काढून घेतले गेले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ते गुण परत दिल्यावर २०२० ला तो ९५.३० टक्के झाला (त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, हेही खरे). तीन वर्षांत राज्यातले शिक्षक बदलले नव्हते की मुलांची बुद्धी बदलली नव्हती. गुण देण्याची रीत बदलली की निकाल एवढा वरखाली होतो. तेव्हा एका शाळेचा ९८ टक्के आणि दुसरीचा ९५ टक्के, यावरून शिकवण्याचा दर्जा ठरवणे धाडसाचे आहे. शंभर टक्के निकालाचा फलक पाहताना एवढे विचारावे की पाचवीत किती मुले होती आणि दहावीच्या परीक्षेला किती बसली. कच्ची मुले नववीतच बाहेर पडली असतील तर तो निकाल शिकवण्याचा नाही, गाळण्याचा आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. निकाल बाजूला ठेवला तरी हुशार मुलांच्या संगतीचा फायदा होतोच ना? संगतीचा परिणाम होतो हे मी नाकारत नाही. पण तो पालक समजतात तितका नसतो. बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत. तिथे एखाद्या गुणाने प्रवेश मिळालेली आणि एखाद्या गुणाने हुकलेली मुले यांची अर्थशास्त्रज्ञांनी तुलना केली. २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. नामांकित शाळेत गेलेल्यांच्या परीक्षेतील गुणांत फारसा फरक पडला नव्हता. चांगली मुले चांगल्या शाळेत गोळा होतात आणि त्यांच्या यशाचे श्रेय शाळेच्या नावावर जमा होते, असाच त्याचा अर्थ. अमेरिकेतले निष्कर्ष सोलापूरला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण 'अमुक प्रशालेतली मुले पुढे जातात' हे वाक्य ऐकताना ती मुले कोणत्या घरांतून आली होती हे विचारण्याची सवय मात्र इथेही लावून घेण्यासारखी आहे.

आता अंतराचा हिशेब. तो कागदावर मांडला तरच पटतो. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन व्हायला हवे. जुळे सोलापुरातून नवी पेठ किंवा भवानी पेठेच्या बाजूला जाणारी व्हॅन चार गल्ल्यांतून मुले गोळा करते. एका बाजूचा पाऊण तास सहज जातो. जाऊन-येऊन दीड तास, गुणिले २२०, म्हणजे वर्षाला ३३० तास. शाळेत जेवढे शिकवले जाते त्याच्या एक तृतीयांश वेळ मूल वाहनात दाटीवाटीने बसून घालवते. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षे धरली तर जवळपास दोन हजार तास. एवढ्या वेळात मूल तबला शिकेल, पोहायला शिकेल, पुस्तके वाचेल, किंवा नुसते झोपेल. वाढत्या वयात झोपही कमी मोलाची नाही. आणि सोलापूरचा उन्हाळा फेब्रुवारीच्या अखेरीसच जाणवू लागतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या टपाच्या वाहनातून परतलेले मूल संध्याकाळी पुस्तक उघडण्याच्या स्थितीत नसते.

गावातल्या शाळांना मैदान आहे, प्रयोगशाळा आहे, ग्रंथालय आहे, गॅदरिंग आणि स्पर्धांची परंपरा आहे, असे सांगितले जाते. ते अगदी खरे आहे. हद्दवाढीतल्या काही शाळा बंगल्यात किंवा व्यापारी संकुलाच्या मजल्यावर भरतात आणि तिथे कवायतीलाही जागा नसते. अशा शाळेला मैदान असलेली शाळा केव्हाही सरस. मात्र मैदान उपयोगी पडते ते शाळा सुटल्यावर. खो-खोचा सराव, नाटकाची तालीम, विज्ञान प्रदर्शनाची तयारी, शंका विचारायला शिक्षकांपाशी थांबणे, हे सारे शेवटच्या घंटेनंतरचे असते, आणि व्हॅनने येणाऱ्या मुलाला नेमके घंटा होताच निघावे लागते. ज्या सोयींसाठी पालकांनी लांबची शाळा निवडली त्या सोयी त्याच्या वाट्याला येतच नाहीत. शिवाय त्याचे वर्गमित्र शहराच्या चार टोकांना राहतात. रविवारी सायकल काढून कोणाकडे जावे, तर जाता येत नाही. किशोरवयात मित्र चालत्या अंतरावर असणे ही मोठी गोष्ट आहे, आणि शाळा निवडताना तिची मोजदाद कोणीच करत नाही.

मुलींच्या बाबतीत अंतराचा प्रश्न अधिक कठोर होतो. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. पुढे झालेल्या अभ्यासात मुलींचा माध्यमिक शाळेतील प्रवेश सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि वाढ मुख्यतः जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती त्या गावांत होती. शाळा, शिक्षक, पुस्तके तीच. रस्ता तेवढा सोपा झाला. सोलापुरात मुलीला शाळेतून काढणारी घरे आता कमी असतील, पण 'उशीर होतो म्हणून सराव नको', 'एकटी जायची म्हणून शिकवणी नको' असे तिचे छोटे छोटे हक्क अंतरापायी कापले जातात. शहर बसच्या भरवशावर वेळापत्रक आखता येत नाही, रिक्षात किती मुले कोंबली जातात ते आपण रोज पाहतो. शाळेची बस असेल तर राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी आणि बसमध्ये महिला सहायक असायला हवी. प्रवेश घेण्याआधी हे विचारा. पालकांनी स्वतः शाळेच्या वेळेला, कामाच्या दिवशी, तो रस्ता एकदा सायकलने पार करून पाहावा. अवजड वाहनांचा चौक ओलांडावा लागत असेल तर सहावी-सातवीतही मूल स्वतःच्या पायांवर शाळेत जाऊ शकणार नाही, आणि त्या वयात स्वतः शाळेत जाणे हेही शिक्षणच आहे.

इथपर्यंत सगळे जवळच्या शाळेच्या बाजूने झाले. तिच्या विरोधातला सर्वांत खरा मुद्दा शिक्षकांचा आहे. अनुदानित शाळेत शिक्षकाला शासनाच्या वेतनश्रेणीने पगार मिळतो, नोकरीची शाश्वती असते, म्हणून तो वीस-पंचवीस वर्षे तोच विषय शिकवत राहतो. कोणत्या धड्यात मुले अडखळतात, हे त्याला पाठ असते. विनाअनुदानित शाळेत पगार अनेकदा तुटपुंजा असतो. शिक्षिका लग्न, बदली किंवा दुसऱ्या शाळेतले हजार-दोन हजार जास्त एवढ्या कारणाने निघून जाते आणि दिवाळीनंतर वर्गाला नव्या बाई येतात. त्यात दोष त्या शिक्षिकांचा नाही. पण मुलाच्या दृष्टीने नुकसान मोठे आहे, विशेषतः गणितात, जिथे एका वर्षाचे राहिलेले पुढच्या वर्षी उभेच राहू देत नाही. म्हणून गावातल्या अनुदानित शाळेत नववी-दहावीचे गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवणारे शिक्षक टिकून असतील, तर रोजचा दीड तासही सोसावा, असे मी म्हणेन.

तरीही नुसते 'अनुदानित आहे' यावर विसंबू नये. २०१२ नंतर कितीतरी वर्षे अनुदानित शाळांतील भरती जवळजवळ थांबली होती. 'पवित्र' पोर्टलमार्फत ती पुन्हा सुरू झाली, तरी दरम्यान निवृत्त झालेल्यांच्या जागा अनेक ठिकाणी तासिकेवरच्या शिक्षकांनी किंवा दुसऱ्याच विषयाच्या शिक्षकांनी सांभाळल्या. पन्नास वर्षांचे नाव असलेल्या शाळेत आज विज्ञानाला पूर्णवेळ शिक्षक नसेल तर ते नाव तुमच्या मुलाला काय शिकवणार? मुख्याध्यापकांना सरळ विचारावे: नववीचे गणित गेली तीन वर्षे कोणी शिकवले, ते अजून शाळेत आहेत का, सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा स्वतंत्र शिक्षक आहे का. चांगला मुख्याध्यापक या प्रश्नाने रागावत नाही. उत्तराची खात्री करायला दहावीत शिकणाऱ्या दोन-तीन मुलांच्या पालकांना शाळेबाहेर गाठावे. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्यावरून शाळेतील विद्यार्थी, शिक्षक, वर्गखोल्या यांची शाळेनेच भरलेली माहिती पाहता येते. गावातली असो वा हद्दवाढीतली, प्रश्न दोघींनाही सारखेच विचारावेत.

माध्यमाचा प्रश्न सोलापुरात जरा वेगळा आहे. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते, इतर अनेक घरांत कन्नड किंवा उर्दू. तिथे मराठी हीच शाळेतली नवी भाषा असते आणि इंग्रजी त्यानंतरची. अशा मुलाला शेजारच्यांचे पाहून एकदम इंग्रजी माध्यमात घातले की घरात कोणालाच त्याचा अभ्यास घेता येत नाही आणि शिकवणीचा खर्च फीइतकाच होऊन बसतो. तेलुगू मुलांवरचाच एक अभ्यास इथे उपयोगी आहे. आंध्र प्रदेशच्या ग्रामीण भागात सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेची फी दिली गेली. चार वर्षांनी तपासले तर तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा ती पुढे नव्हती. हिंदीत मात्र पुढे होती, कारण सरकारी शाळेत हिंदी शिकवलीच जात नव्हती. खासगी शाळांनी हे कमी खर्चात साधले, हेही त्या अभ्यासाने नोंदवले आहे आणि ते त्यांच्या बाजूने धरायला हवे. पण माध्यम बदलले म्हणजे गणित सुधारते, ही आशा मात्र त्यातून टिकत नाही. इंग्रजीची काळजी असेल तर सेमी-इंग्रजीचा मार्ग गावातही आहे आणि हद्दवाढीतही; फक्त त्या वर्गाला गणित-विज्ञान प्रत्यक्षात इंग्रजीतून शिकवले जाते की पुस्तक इंग्रजी आणि बोलणे मराठी, हे पाहून घ्यावे.

कागदपत्रांत काही फटके दडलेले असतात आणि ते नवख्या पालकांना उशिरा कळतात. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागेवर पहिलीत मोफत प्रवेश मिळालेल्या मुलाचा हक्क आठवीपर्यंतच असतो. नववीला पूर्ण फी भरावी लागते. ती झेपणार नसेल तर पाचवी-सहावीतच अनुदानित शाळेचा विचार करावा, नववीच्या जूनमध्ये नव्हे. आठवीत होणारी एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातले मूल ती उत्तीर्ण होऊन निवड यादीत आले तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. विनाअनुदानित शाळेत गेल्यास ही वाट बंद होते. नव्या शाळांपैकी काहींना मान्यता आठवीपर्यंतचीच असते आणि दहावीची मुले दुसऱ्या शाळेच्या नावावर परीक्षेला बसवली जातात. म्हणून दहावीपर्यंतची मान्यता आणि मंडळाचा इंडेक्स नंबर पाहावा. 'सीबीएसई पॅटर्न' असा फलक म्हणजे सीबीएसईची संलग्नता नव्हे. संलग्नता क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर दिसला पाहिजे. कुंभारीसारख्या हद्दीबाहेरच्या गावात राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पोखरापूरच्या नवोदय विद्यालयात ग्रामीण मुलांसाठी किमान ७५ टक्के जागा असतात, पण त्यासाठी तिसरी ते पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागते. मुलाला तिसरीतच शहरात आणले तर तो दावा जातो.

अकरावीचे काय, असेही विचारले जाते. गावातल्या संस्थेत पाचवीपासून असलेले मूल पुढे त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात सहज जाते, ही समजूत पूर्वी बरीचशी बरोबर होती. २०२५-२६ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. शाळेला जोडलेल्या महाविद्यालयात दहा टक्के इनहाऊस जागा मिळतात खऱ्या, पण बाकी बहुतेक सारे दहावीच्या गुणांवर. संगमेश्वर किंवा दयानंद महाविद्यालयात जायला विजापूर रोडवरच्या शाळेतल्या मुलालाही तीच यादी आणि तीच अट. सहा वर्षांचा प्रवास या एका आशेवर मुलाच्या माथी मारू नये.

मग गावातली शाळा केव्हा घ्यावी? घरच पेठेत किंवा पूर्व भागात असेल तर प्रश्नच नाही. तिथल्या पालकांनी उलट बाहेरच्या चकचकीत इमारतींच्या मोहात पडून मुलांना रोज होटगी रोडला धाडू नये. आई-वडिलांपैकी कोणाची नोकरी शाळेच्या वाटेवर असेल आणि मुलाला थांबवून घेऊन येता येत असेल, तर अंतराचा तोटा बराच कमी होतो. उर्दू, कन्नड किंवा तेलुगू माध्यम हवे असेल, एखाद्या खेळाचे खरे मार्गदर्शन मिळत असेल, किंवा हद्दवाढीतल्या सगळ्या शाळांची फी आवाक्याबाहेर असेल, तर गावच योग्य. आणि जवळ महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा असेल तर न पाहता तिच्यावर फुली मारू नका. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवणारे रणजितसिंह डिसले हे याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. एका शिक्षकावरून सगळ्या शाळा तशाच आहेत असे म्हणता येणार नाही. पण पत्त्यावरून शाळा ओळखू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

शाळा पाहायला जाल तेव्हा कार्यालयात बसून चहा घेऊन परत येऊ नका. स्वच्छतागृहापर्यंत चालत जा, विशेषतः मुलींच्या. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात शाळेने पाणी कसे साठवले आहे, पिण्याची टाकी कधी धुतली, दुपारी दोन वाजता स्वच्छतागृहात पाणी असते का, हे पाहणे वर्गातले स्मार्ट बोर्ड मोजण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. पाणी नसले की मुली दिवसभर पाणी पिणेच टाळतात. हे सगळे जानेवारी-फेब्रुवारीत, शाळा भरलेली असताना करावे. मे महिन्यात रिकामी इमारत काहीच सांगत नाही. निवड चुकली असे वाटले तर आठवीपर्यंत बदल करता येतो: शिक्षणहक्क कायद्याने मुलाला शासकीय वा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क दिला आहे आणि मुख्याध्यापकांना दाखला अडवून ठेवता येत नाही. नववीत मात्र मध्येच शाळा बदलू नका. बदलायचीच असेल तर सातवीचा निकाल हातात आला की त्याच उन्हाळ्यात हालचाल करा, म्हणजे आठवीचे पूर्ण वर्ष मुलाला नवे शिक्षक आणि नवे मित्र ओळखीचे व्हायला मिळेल.